पहिली टीम अ‍ॅडव्हेंचर रेस, तीही जुलैच्या पावसात: तयारी कशी करावी?

धरमपेठचे_चौघे

नमस्कार मंडळी,

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरजवळच्या रामटेक-खिंडसी भागात २४ तासांची टीम रेस आहे, तिला आम्ही नाव दिलंय. दोघी आणि दोघे, चौघांचीही पहिलीच वेळ. सकाळी ६ ला सुरुवात. क्रम असा: १४ किमी पायी, ५५ किमी सायकल, ९ किमी कयाक आणि शेवटी १२ किमी पायी. जीपीएसला बंदी. १:५०,००० चा नकाशा सुरुवातीच्या तासभर आधी हातात मिळणार. चौघांनी एकमेकांपासून १०० मीटरच्या आत राहायचं आणि प्रत्येक सीपीला (चेकपॉइंटला) चौघांनीही हजर व्हायचं.

हाफ मॅरेथॉन सगळ्यांनी पळलीय, त्यामुळे दमाची काळजी कमी आहे. सायकली हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या) एमटीबी, तीन डिस्क ब्रेकच्या आणि एक व्ही-ब्रेकची (रिमवर रबर दाबणारा). कयाक जेमतेम येतं. बूट वॉटरप्रूफ घेतले आहेत.

पाऊस नक्की असणार हे धरून विचारतोय: चिखलात सायकल चालती कशी ठेवायची? मुसळधार पावसात नकाशा कसा वाचायचा? बूट-कपडे काय? आणि थांबायचं कधी, हे कसं ठरवायचं?

---

वाटाड्या_हिंगणा

आधी वेळेचा हिशोब मांडा, निम्मी उत्तरं त्यातच मिळतात. कोरड्या रस्त्यावरचा वेग इथे धरू नका. पहिल्यांदा उतरणारी टीम ओल्या रानात नकाशा बघत चालली तर ताशी ३ किमी, रात्री चिखलात २.३. कच्च्या ओल्या वाटेवर सायकल ताशी ११, नवख्यांची कयाक थोड्या वाऱ्यात ३.५. म्हणजे १४ किमीला ४ तास ४० मिनिटं, ५५ किमीला ५ तास, ९ किमीला २ तास ३५ मिनिटं आणि शेवटच्या १२ किमीला ५ तास १५ मिनिटं. मध्ये तीन टीए (ट्रान्झिशन एरिया, म्हणजे टप्पा बदलायच्या जागा), प्रत्येकी २५ मिनिटं. एकूण साधारण १८ तास ४५ मिनिटं. चुका, पंक्चर आणि थांबण्यासाठी ५ तास १५ मिनिटं उरतात. पहिल्या रेसला एवढं पुरतं.

आता अडचण बघा. या हिशोबाने तुम्ही दुपारी साडेचारला पाण्यात उतरता आणि सातनंतर बाहेर येता. आपल्याकडे विजांचा पाऊस बहुतेक दुपारनंतर आणि संध्याकाळी चढतो, आणि जुलैअखेर सूर्य सातच्या आत मावळतो. अंधार पडला की पाण्याचा टप्पा बंद करण्याची पद्धत बऱ्याच रेसमध्ये असते. तेव्हा आयोजकांना आजच विचारा: पाणी किती वाजता बंद होणार? विजांमुळे थांबवलं तर तो वेळ परत मिळतो का? कयाकऐवजी पर्यायी वाट आहे का? ही उत्तरं हाती आली की सकाळच्या १४ किमीत किती जोर लावायचा ते ठरेल.

वेळ वाचवायचा असेल तर पळून वाचवू नका, टीएमध्ये वाचवा. २५ ची १५ मिनिटं झाली की तीन टीए मिळून अर्धा तास सुटतो, पायांवर कसलाही भार न येता.

नकाशाचं आता सविस्तर, कारण पावसात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

कागद इंकजेटवर छापलेला असेल तर शाई पसरते. शाळेच्या पुस्तकांना घालतात ते पारदर्शक चिकट कव्हर सीताबर्डीवर कुठल्याही स्टेशनरीत मिळतं. ते दोन्ही बाजूंनी लावा आणि कडेला १ सेंमी जास्त सोडून एकमेकांवर दाबा. प्लास्टिकच्या पिशवीत आतून वाफ धरते आणि टॉर्चचा उजेड पिशवीवरूनच परत डोळ्यांत येतो. मार्ग कव्हर लावण्याआधी आखा, तोही पर्मनंट मार्करने. हायलायटर पाण्याने ओघळतो.

आपल्या सर्व्हेच्या १:५०,००० च्या नकाशावर २ सेंमी म्हणजे १ किमी आणि दोन समोच्च रेषांत २० मीटर उंचीचं अंतर. २० मीटरच्या आतलं टेकाड कागदावर उमटेलच असं नाही, समोर दिसलं म्हणून गोंधळू नका. या नकाशांवर बारमाही पाणी निळं आणि पावसाळी नाले काळ्या रेषेने दाखवतात. जुलैत ती काळी रेषसुद्धा वाहती असते. नकाशा हातात आला की पहिल्या दहा मिनिटांत पांदण (शेतातली गाडीवाट) जिथे जिथे काळी रेष ओलांडते तिथे खूण करा. तिथे पूल किंवा रपटा (पुरात पाणी वरून जाणारा ठेंगणा पूल) आहे का, नसेल तर वळसा किती, हे कोरड्या हातांनी बसून ठरवा.

दुसरं म्हणजे रोवणीचे (भातलावणीचे) दिवस. रामटेक-मौद्याकडे धानाच्या बांध्या (भातखाचरं) पाण्याने भरलेल्या असतात. नकाशावर मोकळं शेत दिसतं म्हणून सरळ रेघ मारलीत तर गुडघाभर गाळात अडकाल, शिवाय लोकांची रोवणी तुडवाल. ते अजिबात करू नये. धुऱ्यावरूनही (शेताच्या बांधावरूनही) शेतकऱ्याला विचारूनच जा. पांदणीने एक किलोमीटर जास्त पडला तरी तीच वाट लवकर पोचवते.

पाऊस जोरात असताना ५० मीटरपलीकडचं दिसत नाही, म्हणून ठसठशीत खुणा धरून चाला: डांबरी रस्ता, कालवा, वीजवाहिनी, तलावाची पाळ (बांध). सीपीच्या ३००-४०० मीटर आधी एक पक्की जागा निवडा, तिथे उभं राहून दिशा घ्या आणि पावलं मोजत शिरा. सीपीच्या पलीकडची एखादी खूणही आधीच ठरवा. ती लागली म्हणजे पुढे गेलो, परत फिरायचं. पावलांचा हिशोब आत्ताच बसवून घ्या: १०० मीटरला डावा पाय किती वेळा पडतो ते सपाट रस्त्यावर मोजा, मग तेच ओल्या गवतात आणि चिखलात. साधारण ६२-६५ चे चिखलात ७५ होतात. मोजणारा आणि नकाशा धरणारा ही माणसं वेगळी ठेवा.

नागपूरच्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत १ अंशाचाही फरक नाही, त्यासाठी दुरुस्ती करत बसू नका. मात्र फोन, मॅग्नेटवाला टॉर्च आणि सायकलचं लोखंड होकायंत्रापासून दूर ठेवा. घड्याळातली उंची हवेच्या दाबावर चालते. पावसाळी हवेत दाब १ मिलिबार उतरला की घड्याळ जवळपास ८ मीटर जास्त उंची दाखवतं. उंची माहीत असलेल्या प्रत्येक ठिकाणी ते नीट लावून घ्या.

आणि पेंचच्या कालव्यांबद्दल एक सूचना. कालवा ही धरून चालायला उत्तम खूण आहे, पण पाणी सोडलेलं असेल तर पोहून ओलांडायचा विचारही नको. अस्तरीकरण केलेल्या उताराला शेवाळ असतं, माणूस बाहेर येऊ शकत नाही. पुलावरूनच जा.

---

गेअर_मानेवाडा

सायकलचं मी सांगतो.

आपली काळी माती पाऊस कोसळत असताना त्रास कमी देते, कारण पातळ होऊन निथळते. पाऊस थांबून तासाभराने ती पिठासारखी मळली जाते आणि तेव्हा चाकाला थरावर थर बसतात. त्यामुळे उघडीप मिळाली म्हणून निर्धास्त होऊ नका. चाकोरीत पाणी साचलं असेल तर पाण्यातूनच न्या, कडेचा कोरडा दिसणारा भाग टाळा. कडेला गवत असेल तर गवतावरून.

चाक जड लागायला लागलं की दोन-चार फेऱ्यांत उतरा. जोर लावून पेडल मारलं की गाळ आणि काडीकचरा डिरेलरमध्ये (गेअर बदलताना चेन सरकवणारा भाग) ओढला जातो, डिरेलर चाकाच्या तारांत जातो आणि हँगर (डिरेलरला फ्रेमशी धरणारा तुकडा) तुटतो. चिखलातल्या बहुतेक सायकली अशाच बंद पडतात. उतरल्यावर ढकलू नका, ढकलतानाही चाक माती गोळा करतंच. खांद्यावर घ्या. १३-१४ किलोची सायकल २०० मीटर उचलणं जड वाटतं, पण तेवढंच अंतर ढकलून नंतर दहा मिनिटं खरवडत बसण्यापेक्षा बरं.

खरवडायला प्लास्टिकची पट्टी किंवा चपटी बांबूची काडी प्रत्येकाच्या हँडलला रबराने लावा. चार जागा साफ करायच्या: पुढच्या फोर्कची कमान, खालच्या ब्रॅकेटमागचा (पेडल फिरतात त्या आसामागचा) सांधा, ब्रेकची जागा, डिरेलरची दोन छोटी चाकं. बाकी फ्रेमवरची माती राहू द्या. रेसच्या आदल्या रात्री फ्रेमच्या खालच्या बाजूला आणि फोर्कच्या आतून सिलिकॉन स्प्रे किंवा खायच्या तेलाचा पातळ हात फिरवा, माती कमी धरते. हे करताना डिस्क आणि पॅड झाकून ठेवा. त्यावर तेलाचा थेंब गेला तर ब्रेक संपलाच.

टायर: ७० किलोच्या माणसाला, ट्यूब असलेल्या २.१ इंची टायरमध्ये एरवी २८-३० पीएसआय हवा ठेवता, तिथे २४-२६ करा. २२ च्या खाली गेलात तर दगडावर ट्यूब चिमटते. २.२५ चे टायर असतील आणि फ्रेममध्ये बोटभर जागा उरत नसेल तर २.० लावा.

व्ही-ब्रेकच्या सायकलचा आत्ताच निकाल लावा. त्या फ्रेमला आणि फोर्कला डिस्कची जागा असेल तर बदलून घ्या. नसेल तर नवे रबर बसवा, एक जोडी जवळ ठेवा आणि ती सायकल चौघांतल्या सगळ्यात हलक्या माणसाला द्या. उतारावर खूप आधीपासून हलका ब्रेक धरत राहायचं, म्हणजे रिम पुसली जाते आणि गरज पडते तेव्हा पकडते. डिस्कवाल्यांनी रेझिन (मऊ) ब्रेक पॅड असतील तर मेटलचे लावा, पण आधी बघा: डिस्कवर फक्त रेझिनसाठी असं लिहिलं असेल तर मेटल लावता येत नाहीत. ओल्या रेतीत रेझिन पॅड एका दिवसात पत्र्यापर्यंत झिजू शकतात.

पंक्चर: पावसात पॅच धरत नाही, सोल्युशन वाळतच नाही. प्रत्येकाकडे दोन ट्यूब हव्यात, पॅच छताखाली पोचल्यावर. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हात फिरवा, बाभळीचा काटा तिथेच टोक काढून बसलेला असतो. तो न काढता दुसरी ट्यूब घातली की पाच मिनिटांत तीही जाते.

टीमच्या पिशवीत चेन कटर, तुमच्या चेनच्या स्पीडला (मागच्या गेअरच्या संख्येला) जुळणारे दोन क्विक लिंक (चेन जोडायची कडी), प्रत्येक सायकलचा स्वतःचा हँगर (एकाचा दुसऱ्याला बसत नाही), गेअरची एक केबल, दोन पंप, दहा झिप टाय आणि पंपाला गुंडाळलेली डक्ट टेप ठेवा. ओल्या हवेचं चेन ऑइल १५ मिली, दर १५-२० किमीला चेन पुसून थेंब थेंब. डिरेलर मोडला तर चेन छोटी करून मधल्या एका गेअरवर बसवायची, हार्डटेलला हे जमतं. घरी एकदा करून बघा, तेही हात ओले करून.

क्लीटवाले (बूट अडकवायचे) पेडल नको. मातीने क्लीट भरतात, आणि साधं पेडल असेल तर टीएमध्ये बूट बदलावे लागत नाहीत.

---

पायताण

वॉटरप्रूफ बूट ठेवून द्या. पहिल्याच नाल्यात पाणी वरून आत जाईल आणि मग बाहेर पडणार नाही. जाळीचे, पाणी निथळणारे, खोल खाचांचे ट्रेल शूज घ्या.

खरा त्रास ओलेपणाचा नाही, सतत ओलं राहिल्याने कातडी पांढरी पडून मऊ होते आणि मग सोलते, त्याचा आहे. सुरुवातीच्या आधी तळवे, टाचा आणि बोटांमध्ये पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्या. मोजे सिंथेटिक किंवा लोकरीचे, सुती अजिबात नाहीत. प्रत्येकी तीन जोड्या, वेगवेगळ्या झिप पिशव्यांत. कयाकनंतरच्या टीएमध्ये बूट-मोजे काढून पाय पुसा, ७-८ मिनिटं उघडे ठेवा आणि तेवढ्या वेळात खाऊन घ्या. पुन्हा जेली, कोरडे मोजे. ते अर्ध्या तासात ओले होतील, तरी कातडीला मिळालेली ती विश्रांती शेवटच्या १२ किमीला कामी येते.

जिथे नेहमी फोड येतो तिथे झिंक ऑक्साइड टेप आदल्या संध्याकाळी, कोरड्या पायावर लावा. ओल्या पायावर चिकटत नाही. जांघा, काखा आणि स्पोर्ट्स ब्राच्या पट्टीखालीही जेली लावा.

बूट आणि टेप नवे नकोत. फुटाळा-सेमिनरी हिल्सच्या भागात दोन तास पावसात चालून बघा. सरावासाठी रात्री गोरेवाड्याच्या जंगलाकडे मात्र जाऊ नका, तिथे बिबटे आहेत.

---

खिंडसी_वल्हं

पाण्याबद्दल थोडक्यात. दोघांच्या कयाकमध्ये जास्त वजनाचा आणि वल्हं चांगलं येणारा मागे बसतो, दिशा तो सांभाळतो. पुढचा फक्त लय देतो, मागच्याने त्याच लयीत वल्हं टाकायचं. हवा भरलेली कयाक असेल तर वारा तिला बाजूला ढकलतो, म्हणून समोरच्या खुणेपेक्षा वारा येतो त्या बाजूला तिरकं रोखून चला. पावसाळी वारा बहुधा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, तेव्हा त्या बाजूच्या काठाला धरून गेलात तर लाटा कमी लागतात. अंतर वाढेल, पण कयाक भरणार नाही. मोठी लाट आडवी घेऊ नका, टोक तिच्याकडे करा.

दोन लिटरची बाटली तिरकी कापून पाणी उपसायला दोरीने बांधून ठेवा. उलटलात तर कयाक सोडून काठाकडे पोहायचं नाही, तिला धरून राहायचं. लाइफ जॅकेटचे सगळे बक्कल लावलेले आणि शिट्टी जॅकेटला.

वीज दिसल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला म्हणजे ती १० किमीच्या आत आहे. लगेच जवळच्या काठाला लागा, सीपीकडे जायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पाण्यात उतरू नका. काठावर एकट्या मोहाच्या झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाजवळ थांबू नका, आणि चौघांनी एकमेकांपासून १५-२० मीटर सुटं बसा. १०० मीटरचा नियम त्याने मोडत नाही. फोन चालू ठेवायची परवानगी असेल तर आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजांची सूचना देणारं 'दामिनी' अ‍ॅप घ्या. नसेल तर निदान निघण्याआधी सोनेगावच्या हवामान केंद्राचा अंदाज बघून घ्या.

---

धरमपेठचे_चौघे

फार मोलाची माहिती. बूट बदलतोय आणि आयोजकांना पाण्याच्या वेळेबद्दल मेल केला. दोन गोष्टी राहिल्या. चौघांत एक जण पायी थोडा हळू आहे, त्याला ओढायची दोरी कशी करतात? आणि नागपूरच्या हवेत थंडी वाजण्याचा धोका खरंच असतो का? सक्तीच्या यादीत फॉइलचं ब्लँकेट दिसलं, म्हणून विचारतोय.

---

डॉ_महाल

असतो. दिवसा ३० अंशांत घामाघूम झालेला माणूस रात्री २३-२४ अंशांत, पूर्ण ओला, वाऱ्यात, पोटात काही नसताना पंक्चर काढत अर्धा तास उभा राहिला तर थंड पडू शकतो. हे बहुतेक थांबल्यावर होतं, चालताना नाही. म्हणून नियम करा: पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर आधी रेनकोट चढवायचा, मग सायकलला हात लावायचा. चालताना मात्र तो काढा. आपल्या दमट हवेत आत घाम साचून माणूस तितकाच भिजतो आणि दिवसा अंग तापतं ते वेगळंच. प्रत्येकाच्या ड्राय बॅगमध्ये एक कोरडा फ्लीस किंवा लोकरीचा बनियन ठेवा. शेवटच्या टीएपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

लक्षणं चढत्या क्रमाने: थरथर, बोटांनी बक्कल न लागणं, अडखळणं, तोंडातल्या तोंडात बोलणं. पहिल्या दोनवर थांबा, ओले कपडे काढा, कोरडा थर आणि फॉइल गुंडाळा, खाली बॅग घालून बसवा, गोड खायला द्या. थरथर थांबली पण बोलणं असंबद्ध झालं, तर तो बरा झालेला नाही, बिघडलाय. त्याला चालवू नका, आयोजकांना कळवा आणि १०८ ला फोन करा.

खाणं-पाणी. तासाला ३०-६० ग्रॅम कर्बोदकं आणि साधारण ४००-७०० मिली पाणी. पावसात तहान कळत नाही, म्हणून एकाने घड्याळ लावून दर ३० मिनिटांनी हाक द्यायची. दहा तास नुसतं साधं पाणी भरपूर पीत राहिलात तर रक्तातलं मीठ उतरतं, डोकं दुखतं आणि उलट्या होतात. ओआरएसचं २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच घाला, अर्ध्या लिटरमध्ये नाही. खायला गूळ-शेंगदाण्याची चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, दशमी, संत्राबर्फी. सगळं एका घासाच्या तुकड्यांत, ओल्या हातांनी उघडेल अशा पिशवीत. चिवडा ओला झाला की टाकावाच लागतो.

पायाला कापलं असेल आणि साचलेल्या पाण्यातून जायचं असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. डॉक्सिसायक्लिन घ्यायचं की नाही ते रेसच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, स्वतःहून नको. नंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखल्या तर डॉक्टरांना या पाण्याबद्दल आवर्जून सांगा. रात्री धुऱ्यावर सापांसाठी गेटर (पोटरी झाकणारं कव्हर) घाला आणि हात टेकवण्याआधी उजेड टाका. दंश झाला तर जखम कापणं, चोखणं, करकचून आवळणं यातलं काहीच करू नका. पाय न हलवता सरळ सरकारी रुग्णालयात न्या.

थांबायचं कधी, हे घरी बसून लिहून काढा आणि चौघांनी सह्या करा. वाहत्या नाल्यात पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि तळ दिसत नसेल तर उतरायचं नाही. आपल्याकडचे छोटे नाले पाऊस थांबल्यावर एक-दोन तासांत ओसरतात, हिशोबातले ५ तास त्यासाठीच आहेत. उतरायची वेळ आलीच तर बॅगेचा कमरपट्टा उघडा, चौघांनी हात गुंफा, आणि कमरेला दोरी बांधू नका. माणूस पडला तर तीच दोरी त्याला पाण्याखाली धरून ठेवते. चौघांपैकी कुणीही एकाने 'थांबू' म्हटलं तर थांबायचं, त्यावर मतदान नाही.

---

वाटाड्या_हिंगणा

दोरीचं: ५ मिमीची इलॅस्टिक दोरी, ताण नसताना २ मीटर. एक टोक ओढणाऱ्याच्या बॅगेच्या खालच्या लूपला गाठ मारून, दुसऱ्या टोकाला छोटा कॅराबिनर (स्प्रिंगची कडी), जो मागचा स्वतः एका हाताने लावतो-काढतो. ती चढावर आणि सपाट वाटेवर वापरा. उतार, नाला आणि दगडांत लगेच सोडायची. सायकलला वापरायची असेल तर आधी मोकळ्या मैदानावर शिका, ओल्या रस्त्यावर पुढच्याने अचानक ब्रेक मारला की दोघे पडतात.

दोरी माणूस पूर्ण थकल्यावर लावून उपयोग नाही. पहिल्या १४ किमीतल्या चढांवरच लावा आणि त्याच्या बॅगेतलं पाणी-ट्यूब दोघांत वाटून घ्या. रात्री पावसात टॉर्च कपाळावर ठेवला तर थेंबांचाच पडदा दिसतो, म्हणून तो कमरेला बांधा आणि उजेड २००-३०० ल्युमेनवर ठेवा. रेसच्या आधीच्या रविवारी हिंगणा-झिल्पीकडे पाऊस असताना सहा तास बाहेर पडा. पूर्ण सामान, नकाशा, आणि ठरवून काढलेलं एक पंक्चर. त्या दिवशी जे कुणाला सापडलं नाही किंवा उघडलं नाही, त्याची बॅगेतली जागा बदला.